हिचे तेल कोण बदलत होते? इंदूरची ड्यूसेनबर्ग आणि न लिहिलेला मोटारखाना

१/२२
दर काही महिन्यांनी एक छायाचित्र समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. नारिंगी आणि काळ्या रंगाची, मागे होडीसारखी निमुळती होत गेलेली, उघड्या टपाची एक लांबलचक अमेरिकन मोटार. खाली ठरलेली ओळ असते : ‘मराठी राजाचा थाट, इंग्रजांची जिरवली!’ या ओळीला माझा आक्षेप आहे. या ओळीला जे लोक तावातावाने उत्तर देतात, त्यांच्या उत्तरालाही आहे. म्हणून हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/२२
आधी गाडीची ओळख. ड्यूसेनबर्ग एसजे. मालक इंदूरचे महाराजा दुसरे यशवंतराव होळकर (१९०८-१९६१). सांगाडा अमेरिकेतील इंडियानापोलिसचा, इंजिनही अमेरिकन, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याची, काळ १९३५-३६. इंजिन आठ सिलिंडरांचे, ६.९ लिटरचे, सुपरचार्जर जोडलेले. कंपनीच्या दाव्यानुसार ताकद ३२० अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरच सुमारे ३.९ मीटर, म्हणजे मारुती ८०० च्या आख्ख्या लांबीहून जास्त. आणि एवढ्या पसाऱ्यात आसने मुख्यतः दोघांसाठी.

३/२२
हे छायाचित्र मी गेल्या सुट्टीत सिद्धेश्वरला, धरणाजवळच्या आमच्या घरी, काकांना दाखवले. काका ट्रॅक्टरचे मिस्त्री आहेत. त्यांनी मोबाइल दूर धरून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले. राजा कोण, किंमत किती, हे काही विचारले नाही. एवढेच म्हणाले, “गाडी झकास हाय. पण हिचं ऑइल कोण बदलत व्हतं?” पदव्युत्तर वर्गाच्या दोन वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. या धाग्यातला मुद्दा मूळचा काकांचा. पुरावे जमवण्याचे काम तेवढे माझे.

४/२२
पहिला आक्षेप ‘इंग्रजांची जिरवली’ या दाव्याला. अमेरिकन सांगाडा घेतला म्हणून इंग्रजांचा अपमान झाला, असे म्हणणाऱ्यांनी बॉडी कुठे बांधली गेली ते पाहावे. ती लंडनमध्ये बांधली गेली. यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस आणि ऑक्सफर्ड येथे झाले. त्यांचे वडील तुकोजीराव तिसरे यांना १९२५ च्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि अल्पवयीन यशवंतराव गादीवर आले. ज्या सत्तेच्या संमतीशिवाय गादी टिकत नव्हती, त्या सत्तेला एका मोटारीने आव्हान दिले, हे मानायला आधार लागतो. या ओळीखाली तो कधीच दिलेला नसतो.

५/२२
याच जातीची दुसरी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे : शोरूममध्ये अपमान झाला, म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस विकत घेऊन त्यांना झाडू बांधले आणि शहरातला कचरा उचलायला लावला. ही कथा अलवरच्या नावावर सांगतात, हैदराबादच्या नावावर सांगतात, भरतपूर आणि पतियाळाच्याही. एकच घटना, तेच संवाद, फक्त राजा बदलतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढी खूण पुरेशी असावी. दंतकथा गावोगाव मुक्काम करते. घटना एकाच ठिकाणी घडते.

६/२२
आता दुसरी फळी. हे मित्र प्रतिसादात लिहितात : ‘ही सगळी ऐयाशी. रयतेच्या रक्ताचा पैसा. विषय संपला.’ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. ड्यूसेनबर्ग मॉडेल जे डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम मांडली गेली, तेव्हा नुसत्या सांगाड्याची किंमत ८,५०० डॉलर होती. त्या वेळच्या विनिमय दराने हे सुमारे २३ हजार रुपये होतात. बॉडीचा खर्च वेगळा, बोटीचे भाडे वेगळे. यशवंतरावांची एसजे त्याहून वरच्या दर्जाची, म्हणजे त्याहून महाग.

७/२२
आणि काळ कोणता? जागतिक महामंदीचा. १९२८ ते १९३४ या काळात भारतात गव्हाचे भाव निम्म्यावर आले. माळवा हा गव्हाचा मुलूख आहे, हे लक्षात ठेवावे. भाव निम्मा झाला, म्हणजे तेवढीच रोकड उभी करायला शेतकऱ्याला दुप्पट धान्य विकावे लागले. या पार्श्वभूमीवर ती नारिंगी मोटार इंदुरात उतरली. तेव्हा ‘थाट’ म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा.

८/२२
तरीही ‘विषय संपला’ हे मला मान्य नाही. कौतुक करणारा म्हणतो, राजाने घेतली. निषेध करणारा म्हणतो, राजाने रयतेच्या पैशाने घेतली. दोघांचीही गोष्ट खरेदीच्या पावतीपाशी थांबते. पण मोटार एका दिवसात विकत घेतली जाते आणि पुढे पंधरा-वीस वर्षे सांभाळली जाते. त्या वर्षांचा इतिहास दोन्ही फळ्यांना नको आहे. माझे म्हणणे एवढेच : वाहनाचा खरा इतिहास त्याच्या निगराणीचा असतो, आणि तो लिहिलेला नसल्यामुळे आपण मालकाच्या नावाने भांडत बसतो.

९/२२
हा विचार परका नाही, आपल्याच लष्करी परंपरेतला आहे. मराठी घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता. शिलेदाराचे घोडे आणि शस्त्र स्वतःचे. चंदी, नालबंदी, औषधपाणी त्याच्याच माथी. घोडे मेले तर नुकसान त्याचे. बारगिराला घोडे सरकारी पागेतून मिळे आणि त्याची निगाही पागेकडे असे. म्हणजे ‘घोडे कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर ‘पोसतो कोण’ यावरून ठरत होते. या घोडदळातूनच मल्हारराव होळकर वर आले आणि होळकरांचे राज्य उभे राहिले.

१०/२२
शिवकालीन व्यवस्थेतले ‘अठरा कारखाने’ आठवावेत : पीलखाना, उष्ट्रखाना, फरासखाना, जामदारखाना, आबदारखाना इत्यादी. प्रत्येक कारखान्याला माणसे नेमलेली, हिशेब ठरलेला. विसाव्या शतकात संस्थानांनी पागेच्या शेजारी मोटारखाना उभा केला, तो याच घराण्यातला. पागेवर आपण प्रबंध लिहितो. मोडी रुमालांतून चंदीचा खर्च काढतो, मोतद्दाराचा पगार काढतो. मोटारखाना आला की मात्र आपल्याला फक्त बॉनेटवरचे बोधचिन्ह दिसते.

११/२२
आता काकांच्या प्रश्नाकडे. ड्यूसेनबर्गच्या अभियंत्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. मॉडेल जे आणि तिच्या एसजे या भावंडात एक विलक्षण योजना होती. दर ७५ मैलांनी सांगाड्याच्या सांध्यांना वंगण आपोआप पोहोचे. ७०० मैल झाले की तेल बदलण्याची आठवण देणारा दिवा समोरच्या फळीवर लागे. १,४०० मैल झाले की बॅटरी तपासण्याचा दिवा लागे. जगातल्या सर्वांत महाग मोटारींपैकी एक, आणि ती चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सतत सांगत होती : मला कोणीतरी सांभाळायचे आहे.

१२/२२
७०० मैल म्हणजे सुमारे ११२५ किलोमीटर. इंदूर ते मुंबई आणि परत एवढा प्रवास झाला की दिवा लागणार. तो दिवा पाहून महाराज स्वतः गाडीखाली झोपले असतील, अशी कल्पना त्यांचे चाहतेही करणार नाहीत. कोणीतरी दुसरा झोपला. त्याने गरम तेल परातीत काढले, गाळणी धुतली, नवे तेल मोजून ओतले आणि फडक्याने हात पुसले. दिवा सर्वांना दिसतो. फडके कोणाला दिसत नाही.

१३/२२
तेल हे सर्वांत सोपे काम. त्या काळच्या अशा बॉडीत पत्र्याखाली लाकडी चौकट असे. माळव्याच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि दर फेऱ्यात दरवाजे जरा जरा खाली उतरतात. घडीच्या टपाचे कापड ओले असताना मिटले तर घडीवर कुजते. कोरडे करून मिटले तरी घडीवर चिरते. कातडी आसने उन्हात तडकतात. तारांच्या चाकांतली प्रत्येक तार सारख्या ताणाची ठेवावी लागते. उघड्या मोटारीत धूळ वरूनही येते. बंद गाडीला जे वर्षातून एकदा लागते, ते हिला महिन्याला लागते.

१४/२२
सुटे भाग? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, तेव्हापासून शेव्हरोलेसारख्या अमेरिकन गाड्यांचे भाग आणि त्या जाणणारे कारागीर देशात मिळू लागले. ड्यूसेनबर्गचे तसे नव्हते. मॉडेल जे आणि एसजे मिळून जेमतेम ४८० च्या आसपास गाड्या बनल्या. आणि १९३७ मध्ये ई. एल. कॉर्ड यांचे उद्योगसाम्राज्य कोसळले, त्यात ड्यूसेनबर्ग कंपनीही बुडाली. इंदूरच्या गाडीची बॉडी बनून जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते.

१५/२२
या तारखेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. १९३७ नंतर या गाडीला माहेर उरले नाही. वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, म्हणजे एकूण ३२, आणि त्यावर सुपरचार्जर. हे यंत्र आजच्या मिस्त्रीलाही घाम फोडील. नवा भाग मागवायला कारखाना नाही, विचारायला कंपनीचा माणूस नाही. लेथवर घडवा, जुन्यातून जुळवा किंवा साता समुद्रांपलीकडच्या कोणाकडे शिल्लक असेल तर शोधा. मग दुसरे महायुद्ध आले. पेट्रोलवर रेशन आले. देशात बसगाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. एवढ्या सगळ्यातून ही मोटार तरली.

१६/२२
अखेर ती देशाबाहेर गेली आणि अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती पडली. आज तिच्याविषयीच्या लेखांत कोणाची नावे येतात? फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग ही भावंडे. कॉर्ड. गर्नी नटिंगचे रेखाकार मॅकनील. माणिकबाग राजवाड्याचे वास्तुकार एकार्ट मुथेसियस. महाराजांची छायाचित्रे काढणारे मॅन रे. इंडियानापोलिस, लंडन, बर्लिन, पॅरिस, सारे जग हजर आहे. गैरहजर आहे ते फक्त इंदूर. ‘मराठी अभिमाना’च्या ज्या पोस्टी आपण पुढे ढकलतो, त्यांतही एकाही मराठी किंवा माळवी कारागिराचे नाव नसते. हा कसला अभिमान?

१७/२२
‘ड्रायव्हर-क्लीनरची नोंद कोण ठेवतो?’ असे कोणी म्हणेल. ठेवतात. १९३२ मध्ये आमच्या मराठवाड्यावर ज्याचे राज्य होते, त्या निजामाच्या रेल्वेखात्याने सार्वजनिक बससेवा सुरू केली. तिची सुरुवातीची नोंद आजही सांगितली जाते : २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी. म्हणजे गाडीमागे सहा माणसे. सार्वजनिक वाहनाच्या इतिहासात माणसे मोजली गेली. राजाच्या मोटारीच्या इतिहासात अश्वशक्ती मोजली गेली. फरक नोंदींच्या उपलब्धतेचा कमी आणि आपल्या नजरेचा जास्त आहे.

१८/२२
नजरेचा म्हणतो, कारण अनुभव ताजा आहे. एका दफ्तरखान्यात मी एका संस्थानाच्या मोटारखान्याच्या खर्चवह्या मागितल्या. तिथल्या गृहस्थांनी मला दरबाराच्या छायाचित्रांचा आल्बम आणून दिला आणि म्हणाले, “हे घ्या, टायर-ट्यूबच्या हिशेबात काय इतिहास?” तीन वेळा अर्ज केल्यावर कळले की त्या वह्या ‘निरुपयोगी’ या शेऱ्याखाली बांधून कोपऱ्यात टाकल्या आहेत. वाळवीला मात्र त्यांचा उपयोग समजला होता. मी त्या माणसाला दोष देत नाही. वाचकच आल्बम मागतात, तर तो आल्बमच आणून देणार.

१९/२२
मग हा इतिहास लिहायचा कशावरून? साधने आहेत. मोटारखान्याचे पगारपत्रक. वंगण, टायर आणि पेट्रोलच्या खरेदीची बिले. बंदरावरील जकातीचे कागद. अपघाताच्या चौकशा. छायाचित्रांच्या कडेला उभे असलेले गणवेशातले लोक, ज्यांना छापताना आपण कापून टाकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या कारागिरांची घरे, जिथे अजून एखादा पाना, एखादी वही, एखादी आठवण शिल्लक असेल. यांतली शेवटची दोन साधने सर्वांत आधी संपणार आहेत.

२०/२२
हा केवळ भूतकाळाचा प्रश्न नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला परवानगी नाही. नियम स्वागतार्ह आहे. पण त्याच वेळी पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. ते ओलावा ओढते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गास्केटे खराब करते. कागदावर वारसा ठरलेली गाडी टाकीत रोगी होते. तिला वाचवणारा कोण? पुन्हा तोच मिस्त्री, ज्याच्या कसबाची नोंदणी कुठेच नाही.

२१/२२
आमच्या तालुक्याच्या गावी, औंढ्याला नागनाथाचे मंदिर आहे. खाली यादवकालीन काळ्या दगडाचे अप्रतिम कोरीव काम, आणि वर एकदम निराळा, साधा, पांढरा भाग. हा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. लहानपणी मला तो सांधा विजोड वाटे. आता वाटते, देवळाचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे : मोडले होते, कोणीतरी पुन्हा उभे केले, आणि ते लपवले नाही. होळकर घराण्याचे नाव आमच्या मुलखात दुरुस्तीमुळे टिकले. त्याच घराण्याचा गौरव आज आपण एका खरेदीवरून करतो, याला काय म्हणावे? राजवाड्यातले फर्निचर तर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकले गेले, आणि माणिकबागेत आता केंद्रीय करखात्याचे कार्यालय आहे. खरेदीचे वैभव असे एका पिढीत उठून जाते.

२२/२२
म्हणून विनंती. पुढच्या वेळी त्या नारिंगी मोटारीचे छायाचित्र आले तर खाली अभिमान किंवा शिवी लिहिण्याआधी काकांचा प्रश्न लिहा. आणि आपल्या गावात, तालुक्यात जो कोणी म्हातारा मिस्त्री, ड्रायव्हर, टप शिवणारा, तारांची चाके बांधणारा असेल, त्याच्याकडे या महिन्यात एकदा जा. तासभर बोलते करा, आवाज टिपून ठेवा. नाव, गाव, कोणाच्या हाताखाली शिकला, हे विचारा. मी सुरुवात घरापासून केली आहे. काकांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या उस्तादाचे नाव सांगितले आणि म्हणाले, “हे आजपावतो कुणी इचारलं न्हवतं.”

मतभेद असतील तर अवश्य लिहा, मात्र पुराव्यासह.